क्वेरी लिहिली, पण ती चालते कधी?

मिरकरवाडा, हर्णै, देवगड या बंदरांवर उतरलेल्या मासळीच्या नोंदी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका यादीत आहेत असं धरू. प्रत्येक नोंदीत बंदर, मासा, वजन आणि वेळ. हवी आहे फक्त हर्णैची 50 किलोंच्या वरची सुरमई, जास्त वजनाची आधी. लूप, म्हणजे एकेक नोंद तपासणारा कोड, लिहायचा तर रिकामी यादी, आत अटीसाठी इफ, शेवटी क्रम लावायला सॉर्ट एवढा पसारा होतो. सी शार्पमध्ये 2007 साली ‘लिंक’ (LINQ) ही सोय आली, तेव्हापासून हेच काम एका क्वेरीत, म्हणजे काय हवं ते सांगणाऱ्या एका विधानात होतं: फ्रॉममध्ये यादी, व्हेअरमध्ये अट, ऑर्डरबायमध्ये क्रम, सिलेक्टमध्ये नोंदीतलं हवं तेवढंच. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत सिलेक्ट आधी असतो. इथे फ्रॉम आधी, कारण यादी कसली हे कळलं तरच कोड लिहायचा एडिटर पुढची फील्ड्स (बंदर, वजन वगैरे) सुचवू शकतो.

व्हेअर ऑर्डरबायच्या आधी ठेवा. उलट लिहूनही उत्तर तेच येईल, पण सगळ्या नोंदींची क्रमवारी लावून बहुतेक फेकून देण्यात काय हशील?

खरी गोम पुढेच आहे. क्वेरीच्या ओळीवर एकही नोंद तपासली जात नाही. व्हेरिएबलमध्ये राहते ती फक्त काम कसं करायचं याची सूचना. फॉरइच (एकेक नोंद घेणारा लूप), काउंट (नोंदी मोजणं) किंवा टूलिस्ट (उत्तराची वेगळी यादी बनवणं) आला की यादी चाळली जाते, आणि दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी काउंट घेतला, मग यादीत अटीत बसणारी नवी नोंद घातली आणि नंतर फॉरइच चालवला, तर आकडा आणि छापलेल्या ओळी जुळत नाहीत. नोंदी फाइलमधून येत असतील आणि फंक्शनने फाइल बंद करून नुसती क्वेरी परत दिली, तर वापरायच्या वेळी फाइल बंद झालेली असते आणि प्रोग्रॅम एरर देतो. अशा ठिकाणी फाइल उघडी असतानाच टूलिस्ट करा. मात्र सगळीकडे टूलिस्ट लावत सुटू नका, प्रत्येक वेळी मेमरीत नवी यादी तयार होते.

तारखेच्या अटीत आणखी एक खाच आहे. समजा, पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै आहे. बिगरयांत्रिक होड्यांना ती नसते, त्यामुळे त्या काळातही नोंदी असू शकतात. बंदीनंतरच्या नोंदींसाठी ‘वेळ 31 जुलैपेक्षा मोठी’ असं लिहिलं, तर 31 जुलैच्या सकाळी 6 ची नोंदही आत येते. नुसती तारीख दिली की तिची वेळ 00:00 धरली जाते. ‘1 ऑगस्ट किंवा त्यानंतर’ अशी अट लिहा.