नळी बसवलेला डोळा लाल झाला तर

“डोये आले असतीन जी, दोन दिवसांत उतरतीन.” कापूस वेचणीच्या दिवसांत लाल डोळ्याचं निदान आमच्याकडे बांधावरच होतं, आणि बहुतेकदा ते बरोबरही निघतं. पण त्या माणसाला काही वर्षांपूर्वी काचबिंदूसाठी डोळ्यात नळी बसवली असेल, तर या दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच निचरून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. थेंबांनी भागलं नाही, तर कधी कधी सिलिकॉनची बारीक नळी बसवतात. तिचं एक तोंड डोळ्याच्या आत, दुसरं वरच्या पापणीआड पांढऱ्या भागावर शिवलेल्या चकतीपाशी. मदुराईला बनणाऱ्या अशा एका चकतीचं क्षेत्रफळ 350 चौरस मिलिमीटर असतं. नळीवर ठिगळ, आणि ठिगळावर डोळ्याचं स्वतःचं पातळ आवरण.

खरी गंमत या आवरणाची आहे. मिनिटाला 15 वेळा पापणी लवते असं धरा. जागेपणाच्या 16 तासांत 14,400 वेळा ती त्या उंचवट्यावरून घासून जाते, वर्षाला 52 लाखांहून जास्त वेळा! बैलाच्या मानेवर जू घासावं तसं. काहींचं आवरण महिन्यांनी, काहींचं वर्षांनी झिजतं, नळी उघडी पडते आणि जंतूंना थेट आतली वाट मिळते. लहान मुलांत हा धोका जास्त.

ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर नुसत्या पाण्याने जात नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सिलिकॉनवर जंतू तसाच थर धरतात आणि औषध त्याखाली नीट पोचत नाही. ठिबकमध्ये क्लोरीन सोडता येतं, डोळ्यात नाही. म्हणून पुष्कळदा नळीच काढावी लागते. गोळ्यांचं औषध रक्तातून डोळ्याच्या आतल्या जेलीत पुरेसं उतरत नाही, म्हणून व्हॅन्कोमायसिन हे जंतू मारणारं औषध थेट डोळ्यात टोचतात, 0.1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. मध, कांद्याचा रस किंवा अंगारा यातलं काहीच करत नाही. उलट उघड्या नळीशी नवे जंतू मात्र नेऊन ठेवतो.

दुखणं, लाली, चिपडं, अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि दारातच सांगा, “या डोळ्यात नळी आहे.” तिचा उघडा पडणारा भाग पापणीखाली असतो. पापणी वर उचलल्याशिवाय तो डॉक्टरांनाही दिसत नाही.