मुलामा (दागिन्यांवरील)

एका धातूच्या वस्तूवर दुसऱ्या, बहुधा महागड्या, धातूचा पातळ थर चढवणे म्हणजे मुलामा देणे, आणि चढलेला थर म्हणजे मुलामा. शब्द अरबी-फार्सीमार्गे मराठीत आला. बोलताना लोक 'सोन्याचं पाणी दिलंय' असे म्हणतात, जुन्या पिढीच्या तोंडी 'गिलिट' असे, तर दुकानदाराकडे 'प्लेटिंग'. तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई याच जातीची. कल्हई आतला पदार्थ कळकू नये म्हणून असते, दागिन्यावरचा मुलामा दिसण्यासाठी. कथिलाला सोने समजून कोणी फसत नाही, हा फरक मात्र मोठा आहे.

दागिना हातात घेतला की दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात: आत काय आहे आणि वर काय आहे. आतल्याचे माप कॅरेट, वरच्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारातला बहुतेक घोटाळा ही दोन मापे एकमेकांत मिसळल्याने होतो. '24 कॅरेट गोल्ड प्लेटेड' या शब्दांत खोटे काही नसते; पण 24 कॅरेट आहे तो फक्त वरचा थर. खाली पितळ आहे की तांबे की चांदी, आणि थर किती जाड, याबद्दल ते शब्द अवाक्षर काढत नाहीत.

आतला धातू

शुद्ध सोने दागिन्याला फार मऊ पडते. म्हणून त्यात तांबे, चांदी, जस्त मिसळतात आणि एकूण 24 भागांपैकी सोन्याचे भाग किती ते कॅरेटमध्ये सांगतात. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग, 18 कॅरेट म्हणजे 750. 14 कॅरेटचा हिशेब खरे तर 583 येतो, पण प्रमाण 585 ठरले आहे. मिश्रणाने रंगही बदलतो: तांबे वाढवले की गुलाबी सोने, पॅलेडियम किंवा निकेल घातले की पांढरे. दागिन्याची चांदी बहुधा 925 ची असते, प्लॅटिनम 950 चे.

मराठीत हा सगळा विचार 'कस' या एका शब्दाभोवती फिरतो. कसोटी म्हणजे सोनाराचा काळा दगड. त्यावर दागिना घासून उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडायची, वर तेजाब (तीव्र आम्ल) लावून ती टिकते का पाहायचे. उत्तम ते बावनकशी, भेसळीचे ते हिणकस. वजनाची जुनी मापेही अजून बोलण्यात आहेत: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, तो तोळा 11.66 ग्रॅमचा. सराफ कट्ट्यावर मात्र तोळा आता सरळ 10 ग्रॅमचा झाला आहे, आणि आजीच्या वेळचे पाच तोळे आजचे पाच तोळे नव्हेत हे वाटणीच्या वेळी कुणाच्या तरी लक्षात येते.

1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी नव्या दागिन्यांना 14 कॅरेटची मर्यादा घातली. सोनारांचे धंदे बसले, पण गिऱ्हाइकाची 22 कॅरेटची आवड काही सुटली नाही. ती मर्यादा पुढे सैल झाली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. आज नियंत्रण उलट्या बाजूने आहे: मान्य कॅरेटांपैकी कोणतेही घ्या, पण खरे सांगा. भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना सोन्यासाठी 2000 साली सुरू झाली आणि 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. दागिन्यावर ब्युरोचे चिन्ह, कॅरेट व शुद्धता (उदा. 22के916) आणि अक्षरे व आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख-क्रमांक, असतो. सक्तीच्या टापूत 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या नगांना सूट आहे. पितळेवर सोने चढवलेल्या नगाला सोन्याचा हॉलमार्क मिळत नाही, कारण ही योजना आतल्या धातूची आहे.

'केडीएम' हीदेखील शुद्धतेची पातळी आहे असे पुष्कळांना वाटते. ते डाखाचे, म्हणजे सांधा जोडायच्या धातूचे, नाव आहे. पूर्वीच्या तांबे-चांदीच्या डाखाने सांध्यापाशी कस उतरत असे. कॅडमियमचा डाख वापरल्याने तो राखता येऊ लागला. पण कॅडमियम 767 अंशांना उकळते, त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो, म्हणून ते मागे पडले. नाव मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडी राहिले.

थोड्या सोन्यात मोठा दागिना

मुलाम्याची सर्वांत जुनी रीत ठोकून पातळ केलेला पत्रा किंवा वर्ख चिकटवण्याची. त्यानंतरची पाऱ्याची: सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा चांदी-तांब्यावर लावायचा आणि तापवायचे. पारा 357 अंशांना उकळून उडून जातो, सोने धरून राहते. हा मुलामा जाड आणि फार टिकाऊ होई. त्याची किंमत त्या वाफेत काम करणारा मोजत असे.

आपल्याकडच्या सोनारांनी वेगळी वाटही काढली होती. बोरमाळेचे मणी पातळ सोन्याच्या पत्र्याचे करून आत लाख भरायची. दागिना भरीव दिसतो, चेपत नाही, आणि सोने थोडके लागते. याला मुलामा म्हणता येणार नाही, कारण पत्रा स्वतःच्या बळावर उभा असतो आणि तो पत्रा खऱ्या कसाचा असतो. मोडताना सराफ लाखेचे वजन वजा करतो, यावरून कधी कधी वाजतेही.

पैठणीची अस्सल जर मात्र मुलाम्याचेच काम आहे. चांदीची तार चपटी करून रेशमी दोऱ्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचे पाणी देतात. हल्ली स्वस्त साड्यांत जी 'टेस्टेड जर' येते तिच्या पोटात तांब्याची तार असते.

विजेचा मुलामा

व्होल्टाने 1800 मध्ये विजेची बॅटरी केली आणि पाचच वर्षांत, 1805 च्या सुमारास, इटलीतल्या ब्रुन्यातेल्ली याने तिच्या साहाय्याने चांदीवर सोने चढवून पाहिले. धंद्याचे रूप त्याला आले ते 1840 मध्ये, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांच्या पेटंटने. सोन्या-चांदीचे सायनाइडयुक्त द्रावण वापरले की थर नीट बसतो, हे त्यातले मर्म. आजही छोट्या कारखान्यांत मूळ कृती तीच आहे. नग तेल-मळ काढून स्वच्छ करायचा, आम्लात बुडवायचा, द्रावणात लोंबकळत ठेवून विजेच्या ऋण टोकाला जोडायचा. काही व्होल्टचा प्रवाह सोडला की द्रावणातले सोने नगावर बसू लागते. जाडी ठरते प्रवाह आणि वेळ यांवर. म्हणून एकाच डब्यातून काही सेकंदांत निघालेला नग आणि बराच वेळ ठेवलेला नग दिसायला जुळे, टिकायला निराळे.

सोने थेट पितळेवर चढवले तर आतले तांबे आणि जस्त हळूहळू वर झिरपते आणि रंग काळवंडतो. म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. तो स्वस्त आणि चमकदार असतो, पण सोने झिजले की कातडीला लागतो आणि अनेकांच्या कानाच्या पाळीला, मानेला खाज सुटते. युरोपीय संघाने 1994 मध्ये दागिन्यांतून झिरपणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. आपल्याकडे 'मला खोटं चालत नाही, कान पिकतात' या वाक्यामागे पुष्कळदा निकेलच असते.

थर किती पातळ असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन थर द्यायला दोन मिलिग्रॅमहूनही कमी सोने लागते. एक ग्रॅम सोने अर्ध्या मायक्रॉनच्या जाडीने पसरले तर हजार चौरस सेंटिमीटरहून जास्त जागा झाकते, म्हणजे बाजूला 32 सेंटिमीटरचा चौकोन. त्यात बांगड्यांचे कितीतरी जोड निघतील. तेव्हा 'एक ग्रॅम सोन्याचे दागिने' या नावातल्या ग्रॅमवर विसंबून प्रत्येक नगात ग्रॅमभर सोने शोधू नये. अमेरिकेत यासाठी शब्दच बांधून दिले आहेत: 'व्हर्मे' म्हणायचे तर खाली 925 चांदी आणि वर किमान अडीच मायक्रॉन सोने हवे. महाराष्ट्रात तुळशीबागेपासून भुलेश्वरपर्यंत 'बेंटेक्स', 'एक ग्रॅम', 'फॉर्मिंग', 'मायक्रो' हे शब्द चालतात. ते ऐकून जाडी कळत नाही. मायक्रॉन विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर थर पातळ समजावा.

पांढऱ्या सोन्याचा शुभ्रपणा बहुधा ऱ्होडियमच्या मुलाम्याचा असतो. प्लॅटिनमच्या कुळातला हा धातू इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वॉलस्टन याने 1804 मध्ये शोधला. रोजच्या अंगठीवरून तो वर्ष-दोन वर्षांत उतरतो आणि खालचा पिवळसर रंग दिसतो; दागिना खोटा निघाला म्हणून घाबरू नये, पुन्हा थर देता येतो. चांदीवर ऱ्होडियम देतात ते ती काळी पडू नये म्हणून. हुपरीच्या पैंजणांवर येणारा काळेपणा हवेतल्या गंधकाने होतो. ज्याला आपण 'ऑक्सिडाइज्ड' दागिने म्हणतो त्यांवरही मुद्दाम तेच करतात, तेव्हा नाव चुकीचेच आहे. 'जर्मन सिल्व्हर' तर त्याहून पुढचे: तांबे, निकेल, जस्त आणि चांदी शून्य. स्टीलवर सोनेरी दिसणारा टायटेनियम नायट्राइडचा थर खूप टिकतो. त्यात सोने नसते.

पारख

मुलामा पकडणे म्हणजे वरच्या थराच्या खाली जाणे. कसोटीवर हलके घासले तर मुलामाच घासला जातो. म्हणून आतल्या बाजूला कानस मारून मग तेजाब लावतात; तांबे असेल तर हिरवा फेस येतो. कॅरेट दाखवणारी क्ष-किरणांची यंत्रेही वरच्या काही मायक्रॉनपुरतीच पाहतात, तेव्हा जाड मुलाम्यापुढे तीही चुकू शकतात. वजन आणि आकारमान ताडणे हा जुना उपाय इथे कामी येतो: 22 कॅरेटची घनता साडेसतराच्या पुढे, पितळेची साडेआठच्या आसपास. टंगस्टनची 19.25, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोन्याइतकी, असल्याने शुद्ध सोन्याच्या पोटात ते भरले असेल तर ही युक्ती चालत नाही. शेवटचा शब्द मुशीत वितळवून केलेल्या परीक्षेचा.

ही मूस देशभर पेटती ठेवणाऱ्यांत मराठी माणसे बरीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून बाहेर पडलेले गलाईवाले भारतातल्या लहानमोठ्या शहरांत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. सोनाराच्या दुकानाची धूळ आणि गटाराचा गाळ धुऊन सोने काढणारे झारेकरीही त्याच साखळीतले. कण न् कण वसूल होतो, पण मुलाम्याचे सोने वेगळे काढण्याचा खर्च बहुधा त्या सोन्याहून जास्त पडतो. म्हणून लाखेच्या बोरमाळेला मोडीत सोन्याचा भाव येतो, जुन्या पैठणीचा पदर चांदीसाठी जाळला जातो, आणि झिजलेले एक ग्रॅमचे मंगळसूत्र पितळेच्या भावातही कोणी सहसा घेत नाही.