ब्लॅक सॅबथ : आरंभ आणि पहिली ध्वनिमुद्रणे

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीत १९६८ साली उभा राहिलेला हार्ड रॉक बँड. गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बर्न. हेवी मेटलचा, म्हणजे रॉकच्या जड, कर्कश गिटारवाल्या शाखेचा, उगम बहुतेक जाणकार याच चौघांपाशी नेऊन ठेवतात.

या बँडच्या आवाजाची गोष्ट एका अपघातापासून सुरू होते. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तुटले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. गिटार सुटल्यातच जमा होती. मग कारखान्याच्या मुकादमाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. भाजलेल्या हातामुळे हा वादक मुख्यतः दोनच बोटांवर सूर पेलत असे. आयोमीने भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोप्या केल्या आणि त्यांवर जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा झेपेनात, तेव्हा बँजोच्या पातळ तारा चढवल्या.

आरंभीचे नाव पोल्का टल्क ब्लूज बँड, पुढे ‘अर्थ’ (इंग्रजी Earth, पृथ्वी). १९६८च्या अखेरीस आयोमी काही दिवस जेथ्रो टल या बँडमध्ये गेला आणि परतला. ‘अर्थ’ नावाचा दुसरा बँड निघाल्याने १९६९ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या भयपटाचे नाव उचलण्यात आले.

पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत मुद्रित झाला. निर्माता रॉजर बेन. पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमात वाजवत तसेच सलग वाजवून एका दिवसात काम उरकले. त्यातच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) बिघडला आणि त्याने गिब्सन एसजी ही दुसरी गिटार हाती घेतली. पुढे तीच त्याची ओळख झाली. पाऊस, गडगडाट आणि घंटा मागाहून जोडल्या.

बँडच्याच नावाचे पहिले गाणे जवळजवळ तीन स्वरांवर उभे आहे: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. यमनात हाच मध्यम गोड लागतो. इथे सोबतीला गंधार नाही; तो नुसता लटकत राहतो आणि अंगावर येतो.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, अल्बम बाजारात आला. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी ब्रिटनच्या विक्रीच्या तक्त्यात तो आठव्या क्रमांकापर्यंत चढला.

तारा सैल करून पट्टी उतरवण्याचे श्रेय अनेकदा याच अल्बमला दिले जाते. ते चूक आहे. इथे गिटार नेहमीच्याच पट्टीत आहे. पट्टी तीन अर्धस्वरांनी खाली गेली ती १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्याच अल्बममध्ये.