कोल्हापुरीचं ‘पेटंट’ कुठं गेलं?

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत दिसली ती आपली कोल्हापुरीच. कंपनीनं तिला नुसतं ‘चामड्याची सँडल’ म्हटलं होतं. इकडे संताप उसळला आणि जो तो विचारू लागला, आपल्या चपलेचं पेटंट होतं ना?

पेटंट नव्हतंच. होतं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. आपल्याकडे लोक दुकानाच्या नावाचं, कवितेचं, मसाल्याच्या डब्याचंही ‘पेटंट’ काढतात. पण हे हक्क एका घरातले नाहीत. प्रत्येकाचा कायदा वेगळा, आणि तो आला वेगळ्या माणसांच्या गरजेतून.

पेटंट मिळतं नव्या शोधाला. भारतात याचा पहिला कायदा १८५६चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांचा होता, छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. उकाड्यानं हैराण झालेल्या साहेबांच्या राज्यात दुसरं काय सुचणार! १९११च्या कायद्यात पेटंट आणि डिझाइन एकत्र होते. स्वातंत्र्यानंतर औषधांच्या किमतींचा प्रश्न मोठा झाला. मग १९७०च्या कायद्यानं औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवलं. त्या आडोशाला आपला औषधउद्योग वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५पासून औषधालाही पेटंट द्यावं लागलं. आज पेटंटची मुदत २० वर्षं आहे.

आता चप्पल हातात घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, बाजूचे दोन कान, मधली वेणी, पुढं अंगठा. यातलं नवं काय? काहीच नाही, आणि म्हणूनच पेटंट नाही. डिझाइनची नोंदणी वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते, पण तिलाही नवेपणा लागतो आणि मुदत फार तर १५ वर्षं. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो, पण पहिली कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल कुणी घडवली हे कोण सांगणार? (हा कालावधी आधी ५० वर्षांचा होता. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा, १९९२मध्ये, तो वाढवला.) ट्रेडमार्क एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून ओळखू यावा म्हणून असतो. एका गल्लीतल्या शंभर कारागिरांच्या सामाईक नावाला तो कसा पुरणार?

ही फट भरायला जीआय आला. १९९७मध्ये अमेरिकेत एका कंपनीला बासमतीवर पेटंट मिळालं आणि इथं खळबळ उडाली. १९९९मध्ये कायदा झाला, २००३पासून तो लागू झाला, आणि पहिली नोंद झाली दार्जिलिंग चहाची. कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळालं २०१९मध्ये. ते आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्या नावे आहे. कारण ही चप्पल कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरइतकीच बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरचीही आहे. हे ऐकून कोल्हापूरकर जरा गप्प होतो.

पण मानांकन राखतं ते नाव. बाहेरगावचा माल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला तर दावा ठोकता येतो. इथं तर नावच घेतलं नव्हतं, घेतलं होतं रूप. शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरती, तिचा हात इटलीपर्यंत पोहोचत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती जुलैमध्ये फेटाळली गेली: मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हतेच, आणि दाद मागायची तर ती मालकांनी.

पुढं मार्ग निघाला तो कायद्याबाहेरच. टीकेनंतर प्राडानं भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही महामंडळांशी करार करून सुमारे २,००० जोड इथल्याच कारागिरांकडून घडवून घ्यायचं ठरवलं.