मिसिसिपीच्या जिन्याची वरची पायरी

मिसिसिपी एकट्याने, लहान मोटरबोटीतून उतरायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची याचा. डोंगीवाले उगमाच्या इटास्का सरोवरापासून निघतात, पण तिथे नदी म्हणजे गुडघाभर पाण्याचा ओढा. तिच्यात मोटरीचा पंखा फिरणार कुठे? त्याखाली जुनी धरणे लागतात, आणि त्यांना बोट पार करायची सोय नाही. कून रॅपिड्सचे धरण १९१४ चे, तेही असेच. म्हणजे मोटरबोटीची खरी नदी सुरू होते मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला. तिथेही २०१५ च्या जूनपासून एक दार बंद आहे: लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटीला धरणाच्या वर-खाली नेणारा हौद. हे दार बांधले का आणि मिटले का, हे कळल्याशिवाय या प्रवासाची आजची आखणी समजत नाही.

जुना काळ थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पहिली आगबोट १८११-१२ मध्ये या पाण्यात उतरली, १८२३ मध्ये दुसरी एक आजच्या मिनियापोलिसजवळच्या लष्करी ठाण्यापर्यंत पोचली. बुडालेले ओंडके बोटींचे तळ फोडत, म्हणून १८२४ पासून सरकारी पैशाने ते उपसायला सुरुवात झाली. एकट्या माणसाला परवडेल असे इंजिन मात्र बऱ्याच उशिरा आले. नॉर्वेहून लहानपणी आलेल्या एका कारागिराने १९०९ मध्ये मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचे, बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन विकायला काढले, आणि वल्ह्यावर चालणारी कुठलीही होडी मोटरबोट होऊ शकली. नदीकडे मात्र या होडीच्या सोयीने कुणीच पाहिले नाही.

नदीची खोली ठरली ती मालवाहतुकीवर. १८६६ मध्ये चार फूट, १८७८ मध्ये साडेचार, १९०७ मध्ये सहा. ती मिळवायला काठापासून प्रवाहाकडे दगडांचे हजारो लहान बांध टाकले. पाणी मधल्या वाटेत ढकलायचे, म्हणजे तेच गाळ उपसेल, अशी कल्पना. हे बांध आजही तिथेच आहेत. धरणांनी पातळी वर आणल्यामुळे ते पाण्याखाली गेले आहेत, काही ठिकाणी जेमतेम हातभर खोल. लाल-हिरव्या बोयांची ओळ सोडून जवळच्या वाटेने जाणाऱ्या लहान बोटीचा पंखा तुटतो तो बहुधा यांच्यावरच. एकट्या माणसाकडे सुटा पंखा आणि तो बसवायचे पाने नसतील, तर प्रवास तिथेच थांबतो.

मग ३ जुलै १९३० चा कायदा आला. पनामा कालव्यामुळे किनाऱ्यांवरचा माल स्वस्तात जाऊ लागला होता, आणि मधल्या राज्यांतल्या धान्यवाल्यांना रेल्वेचे दर झेपत नव्हते. नऊ फूट खोल मार्ग हवा, ही त्यांची मागणी. सुरुवातीच्या पाहणीत लष्करी अभियंत्याचा अहवाल प्रतिकूल होता, खर्चाच्या मानाने फायदा दिसत नाही असा. तो बाजूला सारला गेला, आणि मंदीच्या दशकात धरणे आणि लॉक भराभर उभी राहिली. मोजदाद गमतीची आहे: पाचनंतर पाच-अ आहे, तेवीस नंबर बांधलाच नाही, आणि सगळी मिळून एकोणतीस. मिनियापोलिस ते सेंट लुईस हा सव्वाचारशे फुटांच्या आसपासचा उतार या जिन्याने वाटून घेतला. सेंट लुईसच्या खाली समुद्रापर्यंत एकही लॉक नाही.

छोट्या बोटीला या जिन्यावरून फुकट उतरता येते. भिंतीला दोरी लोंबत असते, ती ओढायची किंवा बिनतारीवर हाक द्यायची, आणि थांबायचे. पहिला मान मालाच्या तांड्याला. पंधरा बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नावा, एकत्र बांधलेला तांडा सहाशे फुटांच्या लॉकमध्ये एका वेळी मावत नाही. तो दोन तुकड्यांत जातो आणि दीड-दोन तास खातो. लॉकमध्ये एकट्या माणसाने बोट बांधून ठेवायची नसते, कारण पाणी उतरताना बांधलेली बोट भिंतीला लटकेल. दोरी हातात धरून हळूहळू सोडत राहायची.

आता ते दार. मिनियापोलिसचा सेंट अँथनी धबधबा हा मिसिसिपीवरचा एकमेव मोठा धबधबा. १८६९ मध्ये खडकाखाली खणलेला बोगदा कोसळला आणि धबधबाच वाहून जायची वेळ आली. तो लाकडी-काँक्रीटच्या उतारांनी वाचवला, म्हणजे आजचा धबधबा बराचसा बांधलेला आहे. शहराला मात्र त्याच्या वर बंदर हवे होते. १९३७ मध्ये मंजुरी मिळाली, खालचे लॉक १९५६ मध्ये झाले, आणि वरचे १९६३ मध्ये. एकोणपन्नास फुटांचा उतार, संबंध नदीवरचा सर्वांत मोठा. त्यासाठी जुन्या दगडी रेल्वे पुलाच्या दोन कमानी काढून पोलादी गाळा बसवला. तिथले एक बेटही गेले, जे तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना पवित्र होते. त्यांच्याकडे परवानगी मागितली गेली नव्हती.

एवढे करून बंदर फळले नाही. रेती-खडी, भंगार असा थोडा माल येत-जात राहिला. मग मासे आले. सत्तरच्या दशकात आर्कान्सामध्ये तळी आणि सांडपाणी स्वच्छ ठेवायला आशियातून आणलेले कार्प नदीत सुटले आणि वर सरकत आले. त्यातला चंदेरी जातीचा मासा मोटरीच्या आवाजाने पाण्याबाहेर उसळतो आणि बोटीतल्या माणसावर आदळतो. इलिनॉयमध्ये हे नेहमीचे झाले आहे. मिनेसोटात तेव्हा सुटे मासे सापडत होते, पैदास होत असल्याचा पुरावा नव्हता. पण धबधबा ही माशांसाठी मुळातच न ओलांडता येणारी भिंत होती आणि १९६३ च्या लॉकने तिला भोक पाडले होते. ते बुजवा, ही मागणी स्वस्त होती आणि पटण्याजोगीही.

कायदा झाला जून २०१४ मध्ये. त्यातली अट वाचण्यासारखी आहे: मागच्या पाच वर्षांत मालाची सरासरी वर्षाला पंधरा लाख टनांहून जास्त नसेल, तर एका वर्षात लॉक बंद. प्रत्यक्ष आकडा त्याच्या बराच खाली होता, हे मांडणाऱ्यांना ठाऊक असणारच. कारण माशांचे, पण निकष टनांचा. लहान बोटींची ये-जा या निकषात बसतच नव्हती, कारण होडीतला माणूस, त्याचा तंबू आणि पेट्रोलचे डबे टनांत धरले जात नाहीत. समर्थकांची बाजूही खोटी नाही: कून रॅपिड्सपर्यंतच्या थोड्याच टप्प्यासाठी राज्यातल्या वरच्या सगळ्या तळ्यांचा धोका का पत्करायचा? तरी दार मिटताना लहान बोट ट्रेलरवरून पलीकडे न्यायची कायमची व्यवस्था लावून देता आली असती, असे मला वाटते. जून २०१५ मध्ये दार मिटले. आता ते फक्त पूर आला की उघडते.

डोंगीवाला डोंगी खांद्यावर घेऊन रस्त्याने वळसा घालतो. दोन-तीनशे किलोची बोट आणि इंजिन घेऊन आलेल्या एकट्याला गाडी, ट्रेलर आणि दुसरा माणूस लागतो, मग तो प्रवास एकट्याचा उरत नाही. म्हणून बहुतेकांना धबधब्याच्या खालूनच निघावे लागते. पुढे काय, हेही पक्के नाही. त्या जागेचा ताबा आणि जुन्या नावासह तिची पुनर्रचना डकोटांच्या पुढाकाराने व्हावी, यावर काम चालू आहे. खालच्या दोन लॉकचे काय करायचे, ती काढून टाकायची का, याचाही अभ्यास सुरू झाला. ती गेली तर सुरुवात आणखी खाली सरकेल, आणि शहराच्या घळईत पुन्हा खळखळाट होईल. मोठ्या बार्जसाठी मात्र खाली मिसूरीत पंचवीस नंबरच्या लॉकला बाराशे फुटांचा नवा हौद मंजूर झाला असून २०२२ मध्ये त्याला केंद्राचे पैसेही मिळाले.

सेंट लुईसच्या खालची अडचण वेगळी, ती पेट्रोलची. धक्के विरळ आहेत, दोन पंपांमध्ये तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर पडू शकते. १९८५ च्या सुमारास टेनेसी-टॉम्बिगबी जलमार्ग खुला झाला तेव्हापासून हौशी बोटी इलिनॉयमधल्या कैरोला, जिथे ओहायो नदी मिळते, डावीकडे ओहायोत वळतात आणि त्या शांत वाटेने अलाबामातल्या मोबीलच्या खाडीला निघतात. कैरोपासून मुखापर्यंतची सुमारे दीड हजार किलोमीटरची मिसिसिपी त्यामुळे मालाच्या तांड्यांचीच होऊन बसली आहे. त्यात ऑक्टोबर २०२२ आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये मेम्फिसला पाण्याने नीचांक गाठला, आणि अरुंद झालेल्या वाटेत तांडे रांगा लावून उभे राहिले. तरीही सरळ खाली जायचेच असेल, तर डब्यांत पेट्रोल भरून घ्यावे लागते, आणि डब्यांचे वजन बोटीच्या क्षमतेतून वजा करावे लागते.