पाणी-मिथेनॉल अंतःक्षेपण

टर्बोचार्जर (हवा दाबून एंजिनात भरणारे यंत्र) बसविलेल्या मोटारगाडीच्या एंजिनात शिरणाऱ्या हवेत पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा बारीक फवारा सोडून ती हवा आणि सिलिंडरमधील ज्वलन यांचे तापमान उतरविण्याच्या पद्धतीला पाणी-मिथेनॉल अंतःक्षेपण म्हणतात. मिथेनॉल स्वतः जळून थोडी भर घालते खरे, पण शक्तिवाढीचे मुख्य कारण ते नव्हे. फवाऱ्यामुळे नॉकिंग (इंधन-हवा मिश्रण आपोआप पेटून बसणारे आघात) टळते आणि म्हणून टर्बोचा दाब वाढविण्यास व ठिणगी लवकर पाडण्यास वाव मिळतो. शक्ती वाढते ती या वावाचा उपयोग केल्यावरच.

टर्बोचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते. इंटरकूलर हा हवा थंड करणारा भाग त्यातील बरीच उष्णता काढून घेतो. तरीही दाब चढत गेला की ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कडेचे इंधन-हवा मिश्रण आपोआप पेटते आणि हे आघात चालू राहिल्यास पिस्टन फुटू शकतो. येथे द्रवाच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा कामी येतो. १ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोजूल, मिथेनॉलला सुमारे १,१०० किलोजूल, तर पेट्रोलला जेमतेम ३५० किलोजूल उष्णता लागते. मग नुसते पाणी का नको? पाण्याचे बरेचसे थेंब हवामार्गात न सुकता सिलिंडरपर्यंत जातात व तेथे ज्वलनाचा कडाका कमी करतात; ६४.७° से. ला उकळणारे मिथेनॉल मात्र वाटेतच उडून हवा गार आणि घन करते. त्याचा ऑक्टेन अंक (नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता दाखविणारा आकडा) १०० हून अधिक आहे व ते पाणी गोठू देत नाही. म्हणून आकारमानाने निम्मे-निम्मे मिश्रण रूढ झाले.

ही कल्पना विमानांकडून आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट बीएफ १०९ विमानांत एमडब्ल्यू ५० नावाचे असेच मिश्रण थोड्या मिनिटांच्या जादा शक्तीसाठी वापरीत. मोटारगाडीत ते १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये आले. तिच्या ३.५ लिटर व्ही-८ एंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) १०.२५:१, म्हणजे टर्बो एंजिनासाठी फारच चढे, असल्याने ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ हा द्रव तिला अनिवार्यच होता. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब रोखून धरी. अनेक मालक द्रव भरण्याचे विसरत आणि गाडी मंद चालते अशी तक्रार करीत. दोनच वर्षांत हे प्रतिमान बंद झाले. २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसमध्ये बॉशची प्रणाली आली; तिच्यात मात्र केवळ पाणी वापरले होते.

नंतर बसविण्याच्या संचात टाकी, उच्च दाबाचा पंप, नियंत्रक व नॉझल असतात. नॉझल सहसा इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या (एंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) अलीकडे बसवितात आणि टर्बोचा दाब ठराविक पातळी ओलांडताच फवारा सुरू होतो. द्रवाचे प्रमाण बहुधा इंधनाच्या १० ते २५ टक्के ठेवतात. त्याहून जास्त झाल्यास ज्वलन विझू लागते. पंप बंद असताना हवामार्गातील निर्वातामुळे द्रव ओढला जाऊ नये, यासाठी नॉझलजवळ सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारी) झडप हवी.

खरा धोका फवारा अचानक थांबण्याचा असतो. ट्यूनिंग (टर्बोचा दाब व ठिणगीची वेळ यांची जुळणी) द्रवाच्या भरवशावर केलेले असेल आणि नॉझल तुंबले, तर पूर्ण दाबावर चालणारे एंजिन काही क्षणांत नासू शकते. त्यामुळे प्रवाह मोजणारा संवेदक आणि प्रवाह कमी होताच टर्बोचा दाब उतरविणारी व्यवस्था ही चैन समजू नये. डीझेल एंजिनात नॉकिंगचा हा प्रश्न नसतो. तेथे हेतू निष्कास वायूंचे तापमान व नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्याचा असतो.

मिथेनॉल विषारी असून ते पोटात गेल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवू शकतो. ते त्वचेतूनही शोषले जाते आणि ॲल्युमिनियम व काही रबरी भागांना खाते. शुद्ध मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मिश्रणात त्याचे प्रमाण निम्म्याच्या वर नेताना टाकी व नळ्या एंजिनाच्या तप्त भागांपासून दूर ठेवाव्या लागतात.