थंडी बाधत नाही, कोंदट खुराडं बाधतं

डिसेंबर लागला की पुण्यात पाषाण, धायरी, मांजरीकडच्या परसांत एक ठरलेला उद्योग सुरू होतो. खुराड्याला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळायची, फटींत पोती कोंबायची आणि आत बल्ब टांगायचा. मोठ्या कोंबडीला यातलं बहुतेक काही लागत नाही. ताडपत्रीने तर उलट घात होतो.

मुळात पुण्याची थंडी ती किती? ऐन हिवाळ्यात पहाटे पारा १० ते १२ अंशांच्या आसपास असतो, लाट आली तर सहा-सातवर उतरतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेतला नीचांक १.७ अंश सेल्सिअस, तोही १९३५ च्या जानेवारीतला. आपल्याकडचा खरा चमत्कार वेगळाच आहे: पहाटे कुडकुडायचं आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० अंशांत घामेजायचं. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे जमीन दिवसभराची उष्णता रात्रीत सोडून देते.

कोंबडीचं शरीर ४१ ते ४२ अंशांवर चालतं. माणसाला एवढा ताप आला तर घरच्यांची धावपळ होईल. म्हणजे पहाटे आतल्या-बाहेरच्या तापमानात तीसेक अंशांचा फरक, आणि तो पेलायला पिसं. वरच्या पिसांखाली मऊ लव असते आणि तिच्यात हवा अडकून राहते. ऊब टिकवते ती खरं तर ही अडकलेली हवा, गोधडीचंही तसंच. प्रत्येक पिसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. ते आवळले की पिसं उभारतात, हवेचा थर जाड होतो आणि कोंबडी चेंडूसारखी गोल दिसू लागते. पिसं भिजली की मात्र हा थर मोडतो. म्हणून कोरड्या थंडीपेक्षा अवकाळी पावसाची भिजकी रात्र वाईट.

मग उघड्या पायांचं काय? पहाटे दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पायाच्या नळीला, म्हणजे पिसं नसलेल्या भागाला, हात लावून बघा, गार लागेल. तीच बोटं पंखाखाली सरकवा, आत चांगलंच गरम असतं. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर परतणारं गार रक्त अगदी शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहतं. उतरता उतरता गरम रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, त्यामुळे ती बाहेर वाया न जाता पुन्हा शरीरात येते. नळीत मांस जवळजवळ नसतंच, बहुतेक स्नायुबंध असतात, त्यामुळे पाय गार असूनही काम अडत नाही. दांडी रुंद, सपाट असली तर कोंबडी पोटाची पिसं बोटांवर पसरून बसते.

(पायाचा विषय निघालाच आहे तर: अनेक कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते राखाडी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. ताम्हिणी-भीमाशंकरच्या जंगलात आरवतो तो हाच.)

अन्न पचतानाही उष्णता निर्माण होते. संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी टाकली की गळ्याखालच्या पिशवीत ती साठते आणि रात्रभर हळूहळू पचत राहते.

आता ताडपत्रीकडे. कोंबडीच्या श्वासातून वाफ निघते, तिच्या विष्ठेतही निम्म्याहून जास्त पाणीच असतं. हवा कोंडली की ओल साचते आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. श्वासनलिकेच्या आत सूक्ष्म केस असतात, धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारे. अमोनिया नेमकं त्यांनाच निकामी करतो. मग घरघर, नाकातून पाणी, आणि पोल्ट्रीवाले ज्याला सीआरडी म्हणतात त्या श्वसनरोगाला मोकळं रान. सकाळी कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा ताडपत्रीला आतून थेंब दिसले, तर खुराडं बंदिस्त आहे. वारा थेट अंगावर येऊ नये, पण छताजवळची फट उघडीच हवी. खाली भाताचं कोरडं तूस अंथरून ते अधूनमधून खालवर केलं की झालं.

अंडी कमी होतात त्याचं खापरही थंडीवर फुटतं. मुख्य कारण उजेड. डिसेंबरात पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. गंमत म्हणजे कोंबडी हा हिशोब केवळ डोळ्यांनी करत नाही. कवटीतून झिरपलेला उजेड तिच्या मेंदूतल्या पेशी थेट टिपतात. तेव्हा बल्बने अंडी वाढलीच, तर ती त्याच्या उबेने नव्हे, उजेडाने.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगावर नुसती लव असते आणि शरीराचं तापमान राखणं अजून जमत नसतं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडते आहे. चोची उघडून कडेला पांगली असतील तर जास्त होते आहे. रात्री लाइट गेली की ती कोपऱ्यात ढीग करतात आणि तळातली गुदमरून मरतात. म्हणून पिल्लांभोवतीचं पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं कडं गोल करतात, कोपरा ठेवतच नाहीत.